खुडूक कोंबडीखाली पहिल्यांदा अंडी उबविताना

परसात चार-सहा कोंबड्या बाळगणारी घरे महाराष्ट्राच्या बहुतेक खेड्यांतून आढळतात. या कोंबड्यांस खुराड्यापलीकडे फारसा खर्च लागत नाही. खळ्यातील सांडलेले दाणे, उकिरड्यावरील किडे आणि घरातील उष्टे-खरकटे यांवर त्या जगतात आणि अडीअडचणीच्या वेळी घरच्या बाईच्या हाती चार पैसे देतात. अशा घरी एखादी कोंबडी खुडूक झाली म्हणजे घरचीच अंडी तिच्याखाली ठेवून पिल्ले काढावीत असा विचार सहजच मनात येतो. विचार चांगला आहे. परंतु पहिल्या खेपेस पुष्कळांच्या पदरी निराशा येते. तेरा अंडी ठेवावीत, तीन पिल्ले निघावीत आणि त्यांतील दोन घारीने न्यावीत, असे झाले म्हणजे “आमच्या घरी हे लाभत नाही” असे म्हणून प्रयत्न कायमचा सोडून दिला जातो.

यात नुकसान किती होते याचा हिशेब क्वचितच कोणी मांडतो. देशी कोंबडी एका पाळीत साधारणपणे बारा ते पंधरा अंडी घालते व मग खुडूक होते. अंड्यांवर ती तीन आठवडे बसते आणि त्यानंतर दोन-अडीच महिने पिल्ले घेऊन हिंडते. या सर्व काळात तिचे अंडे मिळत नाही. म्हणजे उबवणीस ठेवलेली डझनभर अंडी आणि पुढील तीन महिन्यांचे बंद झालेले उत्पन्न एवढे भांडवल या एका कामात गुंतलेले असते. ज्या घरी कोंबड्याच मोजक्या, त्या घरी हे भांडवल लहान म्हणता येणार नाही.

हे काम नशिबावर अवलंबून नाही. एकवीस दिवस अंड्यांस ऊब कशी द्यावी, ती केव्हा फिरवावीत, हे कोंबडीस उपजतच ठाऊक असते. त्या बाबतीत तिला शिकविण्यासारखे काही नाही. चूक बहुधा होते ती कोंबडी बसण्यापूर्वी अंडी निवडताना व साठविताना, आणि पिल्ले बाहेर आल्यानंतर त्यांस सांभाळताना. ही दोन्ही कामे माणसाची आहेत. कोंबडीचे काम कोंबडीस करू द्यावे आणि आपले काम आपण चुकवू नये, एवढे पथ्य पाळले तर बारा अंड्यांतून नऊ-दहा पिल्ले मिळणे कठीण नाही.

अंडे फलित असावयास हवे

कोंबडा नसला तरी कोंबडी अंडी घालते, परंतु त्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. दुकानात मिळणारी पांढरी अंडी याच प्रकारची असतात. ती ज्या कोंबड्या घालतात त्यांच्यात कोंबडा ठेवलेलाच नसतो. म्हणून अशी अंडी उबवणीस ठेवणे व्यर्थ होय.

आठ ते दहा कोंबड्यांमागे एक तरुण व निरोगी कोंबडा असावा. तो त्याच कोंबड्यांचा भाऊ किंवा मुलगा नसावा. पिढ्यान्‌पिढ्या एकाच रक्ताचे पक्षी एकत्र वाढले म्हणजे अंडी कमी फुटतात आणि पिल्ले अशक्त निपजतात. दर वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या वाडीतील किंवा दुसऱ्या गावातील चांगल्या कोंबड्याशी अदलाबदल करावी. नवा पक्षी आणल्यावर मात्र त्यास दोन-तीन आठवडे वेगळा ठेवून तो निरोगी असल्याची खात्री करावी व मगच कळपात सोडावा.

कोंबड्याचे बीज कोंबडीच्या शरीरात सुमारे दोन आठवडे टिकून राहते. यास्तव जुना कोंबडा काढून नवा सोडला असल्यास पहिल्या दोन-तीन आठवड्यांतील अंडी उबवणीस घेऊ नयेत, कारण ती जुन्याच कोंबड्याची असण्याचा संभव असतो. कळपात कोंबडा मुळीच नव्हता आणि प्रथमच आणला असेल, तर आठवडा-दहा दिवसांनंतरची अंडी घेण्यास हरकत नाही.

अंड्यांची निवड

अंडी मध्यम आकाराची, नेहमीच्या घाटाची व जाड कवचाची असावीत. फार मोठ्या अंड्यात दोन बलक असण्याचा संभव असतो. फार लहान अंड्यातील पिल्लू दुबळे असते. तलंगांची पहिलीवहिली अंडीही लहान असतात, ती टाळावीत. दोन अंडी एकमेकांस अगदी हलकेच टेकवून पाहावीत. भेगाळलेल्या अंड्याचा आवाज बद्द येतो. असे अंडे उबेत नासते आणि फुटल्यास भोवतालची अंडीही खराब करते.

मळलेली अंडी धुऊन ठेवण्याची पद्धत पुष्कळ घरी आहे. ती सोडून द्यावी. अंड्याच्या कवचास हजारो सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांवर एक पातळ नैसर्गिक लेप असतो. धुतल्याने हा लेप जातो आणि रोगजंतूंस आत शिरण्यास वाट मिळते. किंचित मळ असल्यास कोरड्या फडक्याने पुसावा. फार मळलेले अंडे घरी खाण्यास वापरावे. अंडी घालण्याची जागा स्वच्छ ठेवणे हाच यावर खरा उपाय होय.

लांबट अंड्यातून कोंबडा व गोल अंड्यातून कोंबडी निघते, असा एक समज आहे. त्यात तथ्य नाही. कोंबडे व कोंबड्या साधारणपणे निम्मे-निम्मे निघतात आणि हिशेब तोच धरून चालावे.

साठवण : सर्वांत मोठी चूक येथेच होते

कोंबडी रोज एक याप्रमाणे अंडी देत नाही. त्यामुळे बारा अंडी जमण्यास दोन-तीन आठवडे लागतात, आणि पहिले अंडे बसविण्याच्या दिवसापर्यंत जुने झालेले असते. उबवणीचे अंडे सात दिवसांहून जुने नसावे. उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांहून अधिक जुने अंडे घेऊ नये.

यामागील कारण समजून घेणे जरूर आहे. अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर येते तेव्हा त्यातील गर्भाची वाढ सुरू झालेली असते. बाहेरच्या गारव्याने ती थांबते आणि गर्भ जणू निद्रित राहतो. हवेचे उष्णमान सुमारे २० ते २१ अंश सेल्सिअसच्या वर गेले म्हणजे तो हळूहळू पुन्हा वाढू लागतो. परंतु नीट वाढण्यास त्यास ३७.५ अंशांच्या आसपासची अखंड ऊब हवी असते. चैत्र-वैशाखात पत्र्याखाली किंवा चुलीजवळ ठेवलेले अंडे ना थंड असते ना पुरेसे ऊबदार. त्यातील गर्भ अर्धवट वाढतो व कोंबडी बसण्यापूर्वीच मरतो. वरून अंडे चांगले दिसते, कोंबडीही इमानाने बसते, परंतु तिच्या बसण्याचा काही उपयोग होत नाही.

म्हणून अंडी घरातील सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवावीत. पसरट भांड्यात वाळू घालून ती ओलसर करावी व तिच्यात एक मडके अर्धे रोवावे. मडक्यात कोरडा भुसा घालून त्यावर अंडी ठेवावीत आणि तोंडावर पातळ ओले फडके बांधावे. अंड्यांस मात्र पाणी लागू देऊ नये. अंड्याचे निमुळते टोक खाली व रुंद टोक वर असावे, कारण हवेची पोकळी रुंद टोकाशी असते. प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीने तारीख लिहावी. एकाच कोंबडीची अंडी वेळेत पुरत नसतील तर घरातील इतर कोंबड्यांची किंवा शेजारची ताजी अंडी घ्यावीत.

हंगाम निवडतानाही हीच गोष्ट ध्यानी ठेवावी. दिवाळीपासून होळीपर्यंतचा काळ या कामास उत्तम. उन्हाळ्यात अंडी बिघडतात. पावसाळ्यात ओल, चिखल व रोगराई यांमुळे पिल्ले जगविणे अवघड जाते.

कोंबडीची निवड

प्रत्येक कोंबडी खुडूक होत नाही. अधिक अंड्यांसाठी निपजविलेल्या लेगहॉर्नसारख्या जातींमध्ये ही प्रवृत्ती जवळजवळ नाहीशी झालेली आहे. देशी कोंबडीत ती टिकून आहे आणि हाच तिचा मोठा गुण होय. सुधारित जातीची फलित अंडी मिळाल्यास तीही देशी कोंबडीखाली उबविता येतात.

खुडूक झालेली कोंबडी जागा सोडीत नाही, हात जवळ नेताच पिसे फुलविते, टोचते व विशिष्ट आवाज काढते. तिच्या छातीखालची पिसे गळून तेथील कातडी उघडी व ऊबदार लागते. तरीही पहिल्याच दिवशी सर्व अंडी देऊ नयेत. दोन-तीन टाकाऊ अंडी खाली ठेवून दोन दिवस तिची परीक्षा पाहावी. रात्रंदिवस बसून राहिली तरच ती भरवशाची समजावी. अंगाने भरलेली, शांत आणि शक्य तर पूर्वी पिल्ले वाढविलेली कोंबडी निवडावी.

बसविण्यापूर्वी तिच्या पिसांत उवा व पिसवा आहेत काय ते पाहावे. या किडींनी हैराण झालेली कोंबडी अर्ध्यावरच अंडी सोडून उठते. पूर्वी यासाठी बीएचसीची भुकटी सर्रास वापरीत. भारतात तिच्यावर १९९७ पासून बंदी आहे. जुनी पुडी घरात सापडली तरी तिला हात लावू नये. पशुवैद्यकीय दवाखान्यातून पक्ष्यांसाठी योग्य ते औषध घ्यावे व ते अंडी ठेवण्याच्या काही दिवस आधी वापरावे.

बाजाराच्या दिवशी बसवावी

बांबूची खोलगट पाटी घ्यावी. तळाशी थोडी माती व राख घालून वर मऊ गवत किंवा पेंढा पसरावा आणि मधोमध बशीप्रमाणे खोलगट करावे. पाटी अंधाऱ्या, शांत, हवेशीर व जमिनीपासून थोड्या उंच जागी ठेवावी. मांजर, मुंगूस, घूस व साप यांचा तेथे उपद्रव नसावा. अंडी कोंबडीच्या पंखांखाली पूर्ण झाकतील एवढीच ठेवावीत. देशी कोंबडीस दहा ते बारा पुरे. अधिक ठेवल्यास कडेची अंडी गार पडतात आणि कोंबडी अंडी फिरवीत असल्याने रोज वेगळी अंडी कडेला येऊन सर्वांचेच नुकसान होते.

सर्व अंडी एकाच दिवशी, संध्याकाळी काळोख पडल्यावर ठेवावीत. प्रत्येकावर खूण करावी, म्हणजे पुढे दुसऱ्या कोंबडीने तेथे अंडे घातल्यास ते ओळखून काढता येईल. अंड्यास एकवीस दिवस, म्हणजे पुरते तीन आठवडे लागतात. यास्तव आठवडी बाजाराच्या दिवशी कोंबडी बसविणे सोयीचे. पहिल्या बाजारी अंडी तपासावयाची, दुसऱ्या बाजारी पुन्हा एकदा पाहावयाची आणि तिसऱ्या बाजारी पिल्लांची वाट पाहावयाची, एवढे कोणाच्याही ध्यानात राहते.

कोंबडीजवळ स्वच्छ पाणी व ज्वारी किंवा मका यांचे दाणे ठेवावेत. ती दिवसातून एकदा पंधरा-वीस मिनिटे उठते, खाते, विष्ठा टाकते व धुळीत लोळते. या वेळी अंडी गार पडतील म्हणून घाबरून तिला परत हाकलू नये. ती मुळीच उठत नसेल तर मात्र दिवसातून एकदा हलकेच उचलून बाहेर ठेवावी, परंतु उचलण्यापूर्वी पंखांत अंडे अडकलेले नाही हे पाहावे.

मेघगर्जनेने अंडी नासतात, म्हणून पाटीत लोखंड किंवा कोळसा ठेवण्याची चाल काही ठिकाणी आहे. गर्जनेने अंडे नासत नाही. पावसाने पाटी भिजली किंवा भेदरून कोंबडी उठून गेली तर मात्र नासते. म्हणून जागा कोरडी व सुरक्षित आहे ना, एवढेच पाहावे.

पहिल्या बाजारी अंड्यांची पाहणी

सातव्या दिवशी रात्री अंधारात, पुठ्ठ्यास लहान भोक पाडून त्यामागे विजेरी धरावी आणि अंड्याचे रुंद टोक त्या भोकावर टेकवावे. आत मध्यभागी काळा ठिपका व त्यापासून कोळ्याच्या पायांप्रमाणे पसरलेल्या तांबड्या शिरा दिसल्या तर अंडे जिवंत आहे. आत सर्व स्वच्छ व पारदर्शक दिसले तर ते वांझ होय. नुसते रक्ताचे कडे दिसले तर गर्भ मेलेला आहे. वांझ व मेलेली अंडी काढून टाकावीत. ती विकू नयेत.

पुष्कळ अंडी वांझ निघाल्यास खिन्न होऊन बसू नये. तीन आठवडे वाट पाहून जे कळले असते ते एका आठवड्यात कळले, हा लाभच होय. शेजारच्या घरी त्याच दिवशी कोंबडी बसविली असेल तर दोन्हींची जिवंत अंडी एकीखाली करून दुसरीस नवी अंडी देता येतात.

चौदाव्या दिवशी पुन्हा तशीच पाहणी करावी. या वेळी जिवंत अंड्याचा बहुतेक भाग काळा दिसतो आणि रुंद टोकाशी हवेची पोकळी स्पष्ट दिसते.

अठराव्या दिवसानंतर हात लावू नये

शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू अंड्यात बाहेर येण्यायोग्य स्थिती घेते. उरलेला बलक ते आपल्या पोटात ओढून घेते, हवेच्या पोकळीत चोच घालून प्रथमच श्वास घेऊ लागते आणि चोचीवरील लहानशा टणक टोकाने कवचास टिचा पाडते. टिचा पडल्यापासून बाहेर येईपर्यंत बारा ते चोवीस तासही लागतात. या विलंबाने पहिलटकराचा धीर सुटतो. पिल्लू अडकले असे वाटून तो कवच सोलावयास घेतो. तसे कदापि करू नये. त्या वेळी आतील पडद्यातील रक्तवाहिन्या वाहत्या असतात व बलक पुरता पोटात गेलेला नसतो. घाईने सोललेले पिल्लू बहुधा रक्तस्राव होऊन मरते.

पोटातील हा बलक पिल्लास दोन-तीन दिवस पुरतो. म्हणून सर्व पिल्ले बाहेर येऊन कोंबडीखाली सुकेपर्यंत खाणे देण्याची घाई नको. न फुटलेल्या अंड्यांसाठी एक-दोन दिवस अधिक थांबावे व मग पाटी स्वच्छ करावी.

पहिले दोन महिने

निघालेली पिल्ले म्हणजे हाती आलेली पिल्ले नव्हेत. बाजारात तुरी ही म्हण येथे पुरेपूर लागू पडते. परसातील पिल्ले सर्वांत अधिक दगावतात ती पहिल्या काही आठवड्यांतच. घार, कावळा, मांजर व मुंगूस हे टपलेलेच असतात. पहिले दोन आठवडे कोंबडी पिल्लांसह डालग्याखाली किंवा बंदिस्त जागेत ठेवावी. मोकळे सोडणे ऊन पडल्यावर, गवत सुकल्यावर व देखरेखीखालीच करावे. पिल्लांस मक्याचा बारीक भरडा, तांदळाची कणी किंवा तयार पिल्लू-खाद्य द्यावे. पाण्याचे भांडे उथळ असावे व त्यात स्वच्छ खडे घालावेत, म्हणजे पिल्लू बुडणार नाही. खालची जागा कोरडी ठेवावी, कारण ओलीत रक्ती हगवण पसरते.

मानमोडी अर्थात राणीखेत हा रोग एका फेरीत गावातील खुराडी रिकामी करतो. तो झाल्यावर औषध नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात लशीचा थेंब टाकावा व पुढील लशी पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेळच्या वेळी द्याव्यात. येथे एक अडचण येते. लशीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा विरघळविल्यावर थोड्याच वेळात संपवावी लागते. दहा पिल्लांच्या घरी एकट्यासाठी ती कोण आणणार? यावर उपाय म्हणजे वाडीतील आठ-दहा घरांनी आपल्या खुडूक कोंबड्या एकाच आठवड्यात बसविणे. सर्वांची पिल्ले एकाच वयाची होतात आणि एका कुपीत सर्वांचे काम भागते. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुसखींनी एवढी जुळणी केली तरी पुष्कळ पिल्ले वाचतील.

पक्षी अचानक मोठ्या संख्येने मरू लागल्यास मेलेल्या पक्ष्यांस उघड्या हातांनी स्पर्श न करता, ते न विकता व न खाता दवाखान्यास ताबडतोब कळवावे. भारतात बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे आढळला होता, याचा विसर पडू नये.

न फुटलेल्या अंड्यांचा हिशेब

न फुटलेली अंडी तशीच फेकून देऊ नयेत. घरापासून दूर नेऊन, नाकाला फडके बांधून एकेक फोडून पाहावे व मग खड्ड्यात पुरावे. आत पिल्लाची खूणच नसेल तर बहुधा दोष कोंबड्याचा. पहिल्या आठवड्यातच गर्भ मेलेला दिसला तर साठवण सदोष असण्याचा संभव अधिक. पूर्ण वाढलेले पिल्लू आत मेले असेल तर शेवटच्या दिवसांत कोंबडी वारंवार उठली, अंडी गार पडली किंवा कोणी हात घातला, असे समजावे. कारण कळले म्हणजे पुढील खेपेस काय बदलावे हे कळते.

कोंबडी बसविल्याचा दिवस, ठेवलेली अंडी, वांझ निघालेली अंडी, निघालेली पिल्ले आणि दोन महिन्यांनी उरलेली पिल्ले, हे पाच आकडे दिनदर्शिकेवर लिहून ठेवावेत. पहिल्या खेपेस बारांतून सहा पिल्ले निघाली व त्यांतील पाच वाढली तरी वाईट नाही. त्यांतील दोन-तीन तलंगा पुढील वर्षी स्वतः अंड्यांवर येतील. त्या वेळी जवळ हे आकडे असले म्हणजे दुसरी खेप अंदाजाने करावी लागणार नाही.